ठाव सांग

"अगं वैजे, तुझा झंपर भिजलाय की."

हौसाकाकू एवढंच म्हणाली, पण अशा आवाजात म्हणाली की शेडमधल्या सगळ्या बायांचे हात थांबले. आम्ही बेदाणा निवडत बसलो होतो. पुढ्यात ढीग, एका बाजूला काड्या, एका बाजूला काळे पडलेले मणी. वरचा पत्रा तापून करकरत होता. मी खाली बघितलं. छातीवर दोन ओले गोल उमटले होते आणि बघता बघता ते मोठे होत होते.

"घाम असंल," मी म्हटलं.

"घामाला असला वास येतो व्हय?" हौसाकाकूनं वाकून नाक पुढं केलं. आमच्याच शेडवर वर्षानुवर्षं राबणारी बाई ती, नातवंडं सांभाळणारी. तिला कोण फसवणार! "दूध हाय हे."

"आणि हिची मनी तर शाळंत जायला लागली," कोपऱ्यातली एक म्हणाली.

"मग पितंय कोण?"

ती हसण्यावारी बोलली होती. दोघीतिघी हसल्याही. मग हसणं थांबलं आणि सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. एकीनं आपलं तान्हं पोर पदराखाली ओढून घेतलं.

त्यांचं काही चुकलं नव्हतं. आठवड्यापूर्वी मला जीपमधून नेऊन आणलं, तेव्हा सासूनं वस्तीवर सांगितलं होतं, 'वैजूच्या गर्भाशयाला सूज आली होती, साफ करून आणलं.' सूज उतरवलेल्या बाईला दूध येत नाही. हे त्या शेडमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. आणि पोटुशी होते हे कुणाला कळू दिलेलं नव्हतं. पोट दिसायला लागलं तसं सासूनं मला महिनाभर शेडकडं फिरकूच दिलं नव्हतं. आता दूध आहे, पोर नाही, पोट नव्हतं. मग उरतं काय? बाहेरचं.

मी उठले. चालताना दुधाची धार पोटावरून खाली निऱ्यांत उतरत होती.

*

आत्याबाईनं, म्हणजे माझ्या सासूनं, दार लावून घेतलं. गाव तिला आक्का म्हणायचं आणि वचकून असायचं.

"कुणी बघितलं?"

"समद्यांनी."

"हौसानं?"

"तिनंच दाखवलं."

आत्याबाई मटकन खाली बसली. मग उठली, सासऱ्यांचं जुनं धोतर फाडलं आणि माझी छाती आवळून बांधायला घेतली. एक पाय माझ्या पाठीला लावून तिनं गाठ मारली.

"दुखतंय, आत्याबाई."

"दुखू दे. जिरतंय दोनचार दिसांत. माझंबी जिरलंवतं."

"तुमचं कधी?"

"गप. श्वास सोड."

मी श्वास सोडला आणि त्याच्याबरोबर तोंडातून निघून गेलं, "आत्याबाई, तिला कुठं ठेवलं?"

"कुणाला?"

"तिला."

"कोण न्हवतंच. मासाचा गोळा हुता."

"मग दूध कुणासाठी आलं?"

तिनं तळहात माझ्या तोंडावर दाबला. तिच्या हाताला हळदीचा वास होता. डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, "पुन्हा इचारलंस तर मनीला घेऊन माहेरची वाट धरायची. उत्तमला दुसरी बघायला मला येळ लागत न्हाई."

तर मला कुठं नेलं होतं ते सांगते. सीमेपल्याड एका गावात एक डॉक्टर होता. त्याच्याकडं मशीन होती. आमच्यासारख्या द्राक्षवाल्यांच्या गाड्या त्याच्या बोळात रांगेनं लागायच्या. बागा आल्या, शेड आली, दारात जीप आली, तसा हा डॉक्टरही आमच्या मुलखाला परवडायला लागला. त्यानं मशीन फिरवली आणि माझ्याशी नाही, सासूशी बोलला. "आक्का, हेबी तसलंच हाय." मी टेबलावर उठून बसले. म्हटलं, मला ठेवायचं हाय. कुणी ऐकलं नाही असं नाही, सगळ्यांनी ऐकलं. आयानं मला खांद्याला धरून पुन्हा आडवं केलं. पोट पाडणंच वाईट असं माझं म्हणणं नाही, हे इथंच सांगून टाकते. मला नको असतं तर मी माझ्या पायांनी चालत गेले असते आणि कुणाच्या बापाला जाब दिला नसता. मला ती हवी होती. पोटात फिरत होती ती. पाचवा सरत आला होता.

संध्याकाळी परत निघालो. नवरा जीप चालवत होता, सासू त्याच्या शेजारी, मी मागं आडवी. सुईनं डोळे मिटत होते. पायाशी द्राक्षाची पेटी होती, आमच्याच बागेची, वर घडाचं चित्र छापलेली. जाताना डॉक्टरला भेट म्हणून भरून नेलेली.

"पेटी परत आणली?" मी विचारलं.

"रिकामी हाय. कामाला येती," नवरा पुढूनच म्हणाला.

मला हुडहुडी भरली होती. पाय लोंबत होते, म्हणून मी ते पेटीवर टेकवले. बरं वाटलं. वाटेत कुठंतरी जीप थांबली. "लघवीला जाऊन येतो," नवरा म्हणाला. दार वाजलं, पुन्हा वाजलं. नीट जाग आली ती घराजवळ. तेव्हा माझे पाय नुसत्या पत्र्यावर होते आणि गार पडले होते.

एवढंच आठवत होतं मला.

*

त्या दिवसांत मी रडले नाही. रडणाऱ्या बाईला लोक निदान पाणी तरी देतात. मी नुसती बसायचे. आंघोळीला बसले की तांब्या हातात तसाच, पाणी गार होऊन जायचं. भाकरी तव्यावर जळायची आणि तिचा धूर माझ्या नाकात जायचा, पण उठावं असं वाटायचं नाही. मनी सकाळी फणी घेऊन माझ्यासमोर उभी राहायची. थोडा वेळ वाट बघायची. मग स्वतःच वेणी घालायची, वाकडी, एका बाजूला गेलेली, आणि शाळेत जायची. मी बघत होते. हात उचलत नव्हता.

शेडमधला मोठा पंखा सुरू झाला की त्यात मला रडणं ऐकू यायचं. लहान, बारीक, थांबत थांबत. आणि छाती पुन्हा गळायला लागायची. धोतराची पट्टी ओली व्हायची.

एकदा विहिरीच्या काठावर बसलेली सापडले म्हणे. मला ते आठवत नाही. नवऱ्यानं दंडाला धरून घरात आणलं.

"का असं करतीस गं?" तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता उत्तम. आईपुढं मान खाली घालणारा होता. असल्या माणसांनी बायांचं जेवढं वाटोळं केलं तेवढं वाईट माणसांना जमलेलं नाही.

"मला फक्त सांगा, तिला कुठं ठेवलं," मी म्हटलं. "पुरलं का? डॉक्टरच्या मागं का? एकदा बघून येते. परत न्हाई इचारत."

"मला काय म्हाईत? डागदरनं बघितलं असंल."

"तुम्ही इचारलं न्हाई?"

"आसलं काय इचारायचं असतं व्हय?"

तो माझ्याकडं बघत नव्हता. जीपची किल्ली बोटांत फिरवत होता.

बाहेर वस्तीवर तोवर पक्कं ठरलं होतं. वैजीला बाहेरचं लागलंय, तान्हं भूत तिचं दूध पितंय. पोरीबाळी आमच्या दारावरून जाईनात. शेडवर कामाला यायला बाया कां कूं करायला लागल्या. ऐन हंगाम, आणि जाळीवर बेदाणा वाळून खाली झडायला लागलेला. तेव्हा आत्याबाईचं डोकं चाललं.

"नाना देवरशीकडं नेऊ हिला," ती नवऱ्याला म्हणाली. "एकदा झाड बोललं, उतारा दिला की गाव गप हुईल."

नवरा हे ऐकून पांढराफटक पडला. त्याचा भुताखेतांवर विश्वास होता. आईचा किती होता ते मला जीपमध्ये बसायच्या आधी कळलं. तिनं मला गोठ्यामागं बोलावलं.

"हे बघ. तिथं नुसतं केस सोडायचं आन् घुमायचं. नाना इचारंल, कोण हाईस. सांगायचं, साळू."

"कोण साळू?"

"हौसाची सून गं. बाळंतपणात गेली ती. पोराला पाजायची वासना ऱ्हायली म्हणून हिच्या अंगात दूध आलं, आसं सांगायचं. ठाव इचारला की वस्तीवरली चिंच सांगायची. मागणं काय तर खण-नारळ. तेवढं बोलायचं, फुडं गप."

"साळूनं काय केलंय आपलं?"

"मेलेल्या बाईला काय हुतंय? तिला कोण इचारणार हाय?" आत्याबाईनं माझा पदर सारखा केला. "एवढं कर. मग पट्टी काढती तुझी."

*

नाना देवरशीचं ठाणं माळावर होतं. पत्र्याचा मांडव, शेंदूर फासलेला दगड, आणि रविवार म्हणून ही गर्दी. भर दुपार. आमच्या पाठोपाठ टेम्पोनं शेडवरच्या बायाही आल्या होत्या, हौसाकाकू सगळ्यांत पुढं. काय निघतं ते बघायचं होतं त्यांना.

ज्या बाईला लागिर झालंय, तिला तिथं झाड म्हणतात. झाडाला नाना तीन सवाल करायचा. कोण, ठाव कुठला, मागणं काय. ठाव म्हणजे ते जिथं मेलं, जिथं पडलं ती जागा. उतारा तिथंच नेऊन ठेवायचा असतो. ठाव खोटा निघाला तर उतारा वाया, आणि ते घरावर उलटतं. हा तिथला कायदा. आणखी एक कायदा होता. झाड बोलत असताना मधे कुणी बोलायचं नाही, मग तो पाटील असो नाहीतर पुढारी.

माझ्या आधी एक पोरगी होती, लग्न होऊन वर्षही झालं नसावं. केस सोडून गरागरा डोकं फिरवत होती. समोर तिचा सासरा, पांढऱ्या मिशा, वहाणा काढून उभा.

"ए हणम्या!" ती किंचाळली. "ये की जवळ! एकटी आसताना येतूस तसा ये!"

मांडवात कुजबूज उठली. सासऱ्यानं हात जोडले. "चुकलं, आई. चुकलं."

मी बघत राहिले. हेच ती घरात स्वयंपाक करता करता बोलली असती तर तिचे दात हातात आले असते. इथं म्हाताऱ्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"चला, वैजयंताबाई, फुडं सरका," नानाचा माणूस म्हणाला.

मी दगडापुढं बसले. माझे केस सोडले गेले. डोक्यावरून पाणी, तोंडावर ऊद. हलगी सुरू झाली. नाना समोर उकिडवा बसला, हातात वेताची छडी. जाडजूड, पान खाणारा, डोळे मिचमिचे. मी डोकं हलवायला लागले. सोपं असतं ते. मान हलायला लागली की मागून अंग येतं.

"कोण हाईस?"

आत्याबाई माझ्या उजव्या हाताला होती. तिचा गुडघा माझ्या मांडीला लागला. साळू म्हण.

समोर हौसाकाकू उभी होती. तिनं पदर तोंडात धरला होता. तिला कुणी सांगितलं होतं कोण जाणे, पण तिला कळलं होतं की आपल्या सुनेचं नाव येणार. साळू अडली तेव्हा आमची जीप मागायला ती आमच्या दारात आली होती, आणि जीप द्राक्षं घेऊन गेली होती.

"बोल! कोण हाईस?" छडी जमिनीवर आपटली.

"मला नाव न्हाई."

"नाव न्हाई आसं आसतंय व्हय? बाई का बापई?"

"ते बघितलं म्हणूनच मारलं मला."

हलगीवाल्याचा हात चुकला. नानानं त्याला हातानंच थांबवलं.

"नाना, ही बरळतीया," आत्याबाई पुढं सरली. "साळू हाय ती. आमच्या हौसाची सून. साळूच..."

"साळू न्हवं!" हौसाकाकू ओरडली. "माझी साळू न्हवं ही! माझ्या साळूला कुणी मारलं न्हवतं!"

"आक्का, मागं व्हा," नाना म्हणाला. "झाड बोलतंय तवा मधी बोलायचं न्हाई. तुमास्नी म्हाईत हाय."

ती मागं झाली. ती काय करणार होती? हे नाटक आहे म्हणून सांगणार होती? हे ठाणं तिनं निवडलं होतं, गाव तिनं गोळा केलं होतं.

नाना माझ्याकडं वळला. आता त्याचा आवाज बारीक झाला होता. पोराशी बोलावं तसा.

"पोरी, ठाव सांग. कुठं पडलीस?"

"मला म्हाईत न्हाई. माझं डोळं उघडलं न्हवतं."

"ठाव न्हाई तर उतारा कुठं ठेवायचा?"

"उत्तम्याला इचार."

लग्नाला सात वर्षं झाली होती. पहिल्यांदा मी त्याचं नाव घेतलं, आणि तेही असं.

सगळा मांडव त्याच्याकडं वळला. तो खांबाला धरून उभा होता. जावळाच्या वेळी रडताना झालं नसेल एवढं त्याचं तोंड वाकडं झालं होतं.

"पाव्हणं, सांगा," नाना म्हणाला.

"मला न्हाई म्हाईत."

"उत्तम, चल गाडीत बस," आत्याबाई म्हणाली.

"पाव्हणं, ऐका." नाना उठून उभा राहिला. "ठाव लपवला तर हे तुमच्या उंबऱ्यात बसंल. मग माझ्याकडं येऊ नका. ल्हान लेक हाय न्हवं घरात?"

मनीचा विषय निघाला आणि उत्तमचा खांब सुटला. खाली बसला तो.

"पाण्यात सोडलं," तो म्हणाला. "पाण्यात सोडलंय मी तिला."

"कुठल्या पाण्यात?"

"वड्याच्या. पुलाखाली."

"पाणी कुठं हुतं रं?" मी विचारलं. "ह्या दिसांत वडा कोरडा ठणठणीत. धोंडं हुतं नुसतं."

तो माझ्याकडं बघायला लागला. त्याला त्याची बायको दिसत नव्हती, हे मला त्याच्या डोळ्यांत दिसत होतं. म्हणूनच तो बोलला. मला बोलला नसता.

"पेटीत हुतं," तो म्हणाला. "द्राक्षाच्या पेटीत. डागदर म्हणाला, हितं ठेवायचं न्हाई, ज्याचं त्यानं न्यायचं. आई म्हणाली, वाटंत कुठंबी. वैजूला झोप लागलीवती. मी पुलावर थांबलो... वरनंच... खाली उतरायचं धाडस हुईना..."

इथपर्यंत मी घुमत होते, आणि घुमतेय हे मला ठाऊक होतं. कुणी आलं नव्हतं माझ्या अंगात. पण पेटी म्हटल्यावर माझी मान थांबली. मी माझ्या पायांकडं बघितलं. दोन्ही पायांकडं. टाचांना त्या पुठ्ठ्याची ऊब आठवत होती.

मग मी जे ओरडले ते नाटक होतं का काय होतं, मला अजून सांगता येत नाही. नानाही मागं सरकला म्हणतात. शेडवरच्या बाया रडायला लागल्या. छातीची पट्टी सुटली आणि पुढून सगळं भिजलं, आणि या वेळी कुणी नाक पुढं केलं नाही.

"मागणं काय, पोरी?" नानानं लांबूनच विचारलं. "काय घिऊन सोडतीस?"

"ह्या बाईच्या पोटाला परत हात लावायचा न्हाई. मशीन लावायची न्हाई. दुसरी आणायची न्हाई. आन् माझ्या आईला माझा ठाव दावायचा."

"दिलं," उत्तम जमिनीवर पालथा पडून म्हणत होता. "दिलं. समदं दिलं."

*

त्याच दिवशी ऊन उतरताना आम्ही पुलावर गेलो. उत्तम जीपमधून उतरला नाही, स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला. आम्ही तिघी खाली उतरलो. आत्याबाई, मी, आणि हौसाकाकू. तिला कुणी बोलावलं नव्हतं आणि परत जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. वेड्या बाभळी, फुटक्या बाटल्या, धोंडे. पेटी लवकर सापडली. तिच्यावरचा घड लांबूनच दिसला. एका बाजूनं फाटली होती. आत काही नव्हतं. भोवतीच्या वाळूत कुत्र्यांच्या पायांचे ठसे होते.

हौसाकाकूनं मला धरलं. "बघू नगंस, बाळा. बघितलंस, बास झालं."

मी बघितलं. मी त्यासाठीच आले होते.

आत्याबाईनं एका धोंड्यावर द्रोण ठेवला. दहीभात, हळदकुंकू, तान्ह्या हाताच्या हिरव्या बांगड्या. मग पदराखालून दुसरा द्रोण काढला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला. त्यातही तसंच सगळं, तशाच बांगड्या.

"हा कुणाचा?" मी विचारलं.

"असू दे."

"कुणाचा, आत्याबाई?"

ती बांगड्या एकीवर एक नीट लावत बसली.

"आमच्या येळंला मशीन न्हवती," ती म्हणाली. "जल्मल्यावरच कळायचं."

हौसाकाकूनं तोंड फिरवलं.

वर चढताना आत्याबाईचा पाय घसरला, तेव्हा तिनं माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला. उत्तमला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मघाशी तूच हुतीस न्हवं?"

"तुमास्नी काय वाटतं?"

तिनं हात सोडला. त्यानंतर मरेपर्यंत तिनं तो विषय काढला नाही. मी तिला माफ केलं नाही. तिनं माफी मागितलीही नाही.

*

त्या मांडवात एवढी माणसं होती. सगळ्यांनी डॉक्टरची गोष्ट ऐकली, पेटीची ऐकली. त्यातलं एकही पोलिसात गेलं नाही. दुसऱ्या रविवारीही त्या बोळात गाड्या उभ्या होत्या. भुताची फिर्याद कोण नोंदवणार! पण भुताला दिलेला शब्द आमच्या घरानं पाळला. माझ्या पोटाला कुणी हात लावला नाही. दुसरी आणली नाही. माझ्या तोंडचं 'नाही' त्या टेबलावर चाललं नव्हतं, ते झाडाच्या तोंडून चाललं. बाकी पुढं मी काहीही बोलले, जमिनीबद्दल, बागेबद्दल, की लोक एकमेकांकडं बघायचे. 'तिच्यात बाहेरचं होतं एकदा.' मला जे मिळालं त्याची ही किंमत होती. हंगाम गेला, दूध जिरलं, पण पंख्यातलं रडणं गेलं नाही. हौसाकाकूच मला मिरजेला मनाच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेली. त्यांनी मला देवाचं विचारलं नाही, झोपेचं विचारलं. गोळ्या दिल्या, दर महिन्याला बोलावलं. तिथं मी पहिल्यांदा रडले. घरी येऊन मनीची वेणी घातली.

पुलाखाली आता जागा झाली आहे. कुणी केली नाही, आपोआप झाली. चार गावच्या बाया येतात. एकट्या येतात, दुपारच्या. कुणाशी बोलत नाहीत. द्रोण ठेवतात, तान्ह्या बांगड्या ठेवतात, आणि जातात. पाऊस आला की ओढा ते वाहून नेतो आणि पुन्हा त्या जागी नव्या बांगड्या दिसतात. पुरुषांचं म्हणणं, जागा वाईट आहे. गाडी पुलावर आली की हॉर्न वाजवतात, खालच्यांनी बाजूला व्हावं म्हणून.

मागच्या महिन्यात मनीला डोहाळजेवणाला घेऊन येत होतो. गाडी जावई चालवत होते, विश्वजीतराव. शिकलेले, चांगले आहेत. मनी पुढं, मी मागं. पुलावर आलो तसा त्यांनी हॉर्न दाबला, लांब, दोनदा.

"कुणाला वाजवलात?" मी विचारलं. रस्ता मोकळा होता.

"काही नाही, आई. इथं सगळेच वाजवतात," ते हसून म्हणाले. "काहीतरी आहे म्हणे खाली."

मनी माझ्याकडं वळून बघायला लागली. तिचा एक हात पोटावर होता.

"काहीतरी नाही, जावईबापू," मी म्हटलं. "तुमची मेहुणी आहे."